झोप न लागणारी गाडी

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच वर्षी एक भांडण माझ्या कानावर पडलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली इमारतीच्या मागच्या बाजूला माझी थोरली नणंद आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, ते त्यांच्या व्हॅनपाशी उभे होते. दादा त्या व्हॅनमधून गाद्या पोचवायचे. पाऊस झाला की व्हॅनमध्ये पायाशी तळं साचायचं.

"विकून टाकतो ही," दादा म्हणाले.

"विका. पण पाणी कुठून येतं ते आधी सांगा, मग विका."

"कुठून येतं काय! म्हातारी झाली गाडी. म्हातारपणी गळायचंच."

"तुमच्या आईही म्हाताऱ्या झाल्यात. त्या गळतात का?"

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस."

"मी कुठे आणलं? म्हातारपण तुम्ही काढलंत."

"तुला गाडीतलं काय कळतं गं?"

"गाडीतलं नाही कळत. पाण्यातलं कळतं. पाणी वरून खाली येतं. तुम्ही वरून बादल्या ओता, मी आत बसते."

"लोक हसतील!"

"हसू देत की. त्यांची गाडी थोडीच गळतेय?"

मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी. दादांनी खरंच बादल्या ओतल्या, आधी रागाने आणि मग मजेने. वन्सं आत चवड्यांवर बसल्या होत्या. बाहेर आल्या त्या नखशिखान्त भिजून, पण एक बोट पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर दाबून धरलेलं. तिथलं रबर फाटलं होतं. मला वाटलं होतं, नवराबायकोचं भांडण म्हणजे रडारड, अबोला. यांचं भांडण रबराच्या पट्टीवर मिटलं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, या बाईशी जपून राहायचं आणि हिला धरून राहायचं. दोन्ही केलं.

वन्सं एका वर्कशॉपमध्ये सीटची कव्हरं शिवायच्या. बसची, टॅक्सीची, नाटकगृहातल्या खुर्च्यांची. रेक्झिनचा वास त्यांच्या केसांना असायचा, कितीही धुतले तरी. पुढे दादांची कंबर गेली, गाद्या पोचवणार कोण असा प्रश्न आला, तेव्हा चाळिशी उलटलेली ही बाई गाडी शिकली. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या. कारण विचारलं तर तो साहेब म्हणाला, "बाई, नापास म्हणजे नापास, त्याला कारण काय?" वन्सं तिथल्या बाकावर जाऊन बसल्या. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी बसल्याच. शेवटी साहेबांनी वैतागून सांगितलं, की वळताना तुम्ही आरशात बघितलं नाही. "हां, आता कसं," असं म्हणून उठल्या आणि पुढच्या खेपेला आरशात इतकं बघितलं की साहेब म्हणाले, बाई, थोडं पुढेही बघा.

दादा गेले. व्हॅनही गेली. वर्कशॉपमधून वन्सं निवृत्त झाल्या. माझे हेही गेले. मग एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दारांत आम्ही दोघी उरलो, थोरली आणि धाकटी. आजही कोणी "धाकटे" अशी हाक मारली तर मी वळून बघते. मला तसं म्हणणारं माणूस एकच होतं.

वन्संचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. गुणी मुलगा. आईचा गुडघा क्लच दाबताना कुरकुरतो हे त्याला कळलं आणि त्याने तिच्यासाठी नवीकोरी हायब्रीड गाडी आणली. क्लच नाही, गियर नाही, किल्ली फिरवायची नाही. किल्ली नुसती पर्समध्ये असली की झालं. गाडीला ती जवळ आल्याचं कळतं आणि दार उघडतं. बटण दाबलं की आवाज न करता चालू. पहिल्या दिवशी वन्सं बटण दाबून कितीतरी वेळ वाट बघत बसल्या. मी म्हटलं, "वन्सं, निघायचं ना?" तर म्हणाल्या, "अगं, चालू तर होऊ दे." ती केव्हाच चालू झाली होती.

त्या गाडीतून वन्सं शिट्टीवाल्यांना दवाखान्यात नेत. शिट्टीवाले आमच्या खालच्या मजल्यावर राहत. जन्मभर फुटबॉलचे पंच होते, म्हणून हे नाव. त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी डायलिसिसला जावं लागे. मुलगी पाळीची नोकरी करणारी. ती म्हणाली होती, टॅक्सी लावते. वन्सं म्हणाल्या, "टॅक्सीवाला दारात सोडेल. आतपर्यंत कोण नेईल?" तेव्हापासून हे काम त्यांचंच झालं. गाडीत दोघांची जुंपलेली असायची. वन्संनी जोरात ब्रेक मारला की शिट्टीवाले म्हणायचे, "फाऊल!" सिग्नलला उशिरा निघाल्या की, "ड्रायव्हरबाई, वेळकाढूपणा चाललाय, ताकीद देईन." वन्सं म्हणायच्या, "मैदानाबाहेर काढेन तुम्हाला, मधल्या चौकातच." पण शिट्टीवाल्यांचा चेहरा डायलिसिसच्या आधी मातीसारखा असे, आणि तो चेहरा बघून वन्सं एकही खड्डा चुकवायचा सोडत नसत.

तर एका सोमवारी गाडी उठली नाही.

किल्लीचं बटण दाबलं, दारं ढिम्म. किल्लीच्या पोटात एक लोखंडी पातं असतं, ते काढून दार उघडलं. आत चालू करायचं बटण दाबलं तर समोरचे दिवे मिणमिणले, कुठेतरी टकटक झालं आणि सगळं विझलं. मदतीला फोन केला. माणूस आला, दुसऱ्या बॅटरीच्या तारा लावल्या आणि गाडी लगेच जागी. म्हणाला, "लाइट राहिला असेल आजी."

"नाही राहिला."

"मग दार नीट लागलं नसेल."

"लागलं होतं."

"होतं असं वयात," म्हणून तो निघून गेला. वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? गाडी नवी आणि म्हातारी मी, म्हणून दोष माझा. उलटं असतं तर गाडीचा म्हणाला असता."

थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. तोही सोमवारच. भाच्याने गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. त्यांनी ती ठेवून घेतली, तपासली, बॅटरीही नवी बसवली, आणि दोष काही नाही असं सांगून परत दिली. त्या पांढऱ्या शर्टातल्या माणसाने भाच्याला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "गाडी कोण वापरतं?" भाचा म्हणाला, आई. "वय?" त्याने वय सांगितलं. हे भाच्यानेच मला पुढे सांगितलं. वन्सं काचेच्या अलीकडे खुर्चीत बसून हे बघत होत्या. आवाज ऐकू आला नाही, पण दोघांच्या माना एकदम हलल्या ते दिसलं.

घरी आल्यावर भाचा म्हणाला, "आई, तू हल्ली जरा विसरतेस."

"काय विसरते?"

"मागे गॅसवर दूध ठेवून विसरलीस. मामीला विचार."

मी कशाला मध्ये बोलतेय! दूध उतू गेलं होतं हे खरं. पण माझंही जातं, आणि मला कुणी गाडी दिलेली नाही.

त्या संध्याकाळी वन्सं माझ्याकडे आल्या आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, "धाकटे, तो म्हणतो ते खरं असेल तर मला आधी कळलं पाहिजे. दुसऱ्यावर संशय घ्यायच्या आधी स्वतःवर घेऊन बघू." हे बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी बंद पडली याची भीती नव्हती. आपलंच डोकं आपल्याला न सांगता जायला लागलं असेल, ही भीती होती.

तेव्हापासून गाडी लावली की मी खाली पार्किंगमध्ये जायचं असं ठरलं. वन्सं मोठ्याने म्हणायच्या, "दिवे!" मी वाकून, बघून म्हणायचे, "बंद!" "रेडिओ!" "बंद!" "आतला दिवा!" "बंद!" "चारी दारं!" मी चारी दारं ओढून बघायचे. "बंद!" मग डिकी. कुलूप लावल्यावर गाडी कधी एकदाच चिवचिवायची, कधी दोनदा. वन्सं म्हणायच्या, लाडात आली. इमारतीतली पोरं आम्हाला चिडवायची, "आजी, कवायत झाली का?" शिट्टीवाले खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "लाइन्समन चांगला मिळालाय."

एवढं करूनही पुढच्या सोमवारी गाडी मेलेली.

त्या दिवशी नेमकी टॅक्सीही मिळेना. शिट्टीवाले जिन्याच्या पायरीवर बसून राहिले, श्वास लागलेला. दवाखान्यात उशीर झाला, त्यांची जागा दुसऱ्याला गेली आणि दुपारपर्यंत बाकावर ताटकळावं लागलं. त्यांच्या मुलीचा फोन भाच्याला गेला. ती काही वाईट बोलली नाही. नुसतं म्हणाली, "मी दुसरी सोय बघते, काकूंना त्रास नको."

भाचा संध्याकाळी आला. वन्सं म्हणाल्या, "या वेळी धाकटी साक्षीला होती. सगळं बंद होतं."

"आई, तुम्ही दोघी एकमेकींच्या साक्षीदार! मामी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधते."

आता हे काय बोलणं झालं? पण खोटं नव्हतं.

मग तो आईच्या पायाशी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "गाडी बंद पडली तर पडली. पण उद्या रस्त्यात तू ब्रेक विसरलीस तर? मी रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. तुला कुठे जायचं असेल तर मी आहे ना."

"तू आहेस. शहराच्या दुसऱ्या टोकाला."

"आई, प्लीज."

"रविवारी ये," वन्सं म्हणाल्या. "पण तोवर गाडी माझी."

तो गेल्यावर मला वाटलं, आता रडतील. तर म्हणाल्या, "आपलं बंद करणं पक्कं होतं. म्हणजे गाडीत कुणीतरी जागं आहे. वायरवाल्याला बोलाव."

वायरवाला म्हणजे वन्संच्या जुन्या वर्कशॉपच्या शेजारी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणारा. वन्संना मावशी म्हणतो. अत्यंत सावकाश माणूस. बोलतानाही मधे थांबतो, आणि आपल्याला वाटतं हा झोपला. तो आला, डिकीतल्या बाजूच्या झाकणाआडून छोटी बॅटरी उघडी केली आणि आम्हाला समजावून सांगितलं. या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी चाकं फिरवते. धाकटी नुसती मोठीला उठवते. "मोठी म्हणजे हत्ती, मावशी. धाकटी म्हणजे माहूत. हत्ती दणकट आहे, पण माहूतच मरून पडला तर हत्तीला उठवणार कोण?"

"आणि माहूत मरतो कशाने?"

"जागरणाने."

त्याने तारेभोवती चिमट्यासारखं एक यंत्र अडकवलं. म्हणाला, गाडी बंद केली तरी लगेच झोपत नाही, आत कुठे कुठे काय काय जागं असतं. तिला निजू द्यायचं आणि मग बघायचं. किल्ली मात्र लांब हवी, किल्ली जवळ असली की ती निजत नाही. वन्संनी मला किल्ली घेऊन वर पाठवलं. मी ती घरात टेबलावर ठेवून परत आले आणि तिघं खांबाआड उभे राहिलो. मी वन्संच्या कानात कुजबुजले, "निजली का?"

वायरवाला म्हणाला, "मामी, मोठ्याने बोललात तरी चालेल. तिला कान आहेत, पण ते किल्लीपुरतेच."

यंत्रावरचा आकडा खाली जायचा आणि पुन्हा वर चढायचा. पुन्हा खाली, पुन्हा वर. निजलेलं मूल मधेच दचकून उठावं तसं. वायरवाल्याने एकेक फ्यूज काढून बघायला सुरुवात केली. हे काम त्याच्या स्वभावाला साजेसं होतं, निम्मी दुपार गेली. वन्सं हलल्या नाहीत. गुडघा धरून उभ्याच. मी खुर्ची आणली तर तीवर वायरवाल्याची पेटी ठेवली. शेवटी एक फ्यूज काढला आणि आकडा खाली गेला तो वर आलाच नाही.

"हे बघा," वायरवाला म्हणाला. "किल्ली ओळखणारा जो डबा आहे, तो जागा राहतोय. किल्ली जवळ असली तर जागतो, ते बरोबर. पण किल्ली वर, चार जिने लांब. म्हणजे डबाच बिघडलाय. बदलावा लागेल. कंपनीतून यायला वेळ लागेल."

"रविवारच्या आत?"

"छे!"

"आणि हा फ्यूज काढूनच ठेवला तर?"

"तर गाडी किल्ली ओळखणार नाही. चालूच नाही होणार."

मी म्हटलं, चला, निदान कळलं तरी. वन्संचा दोष नाही. भाच्याला सांगू. पण वन्संचं समाधान झालं नव्हतं. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या. मी समजले गुडघा दुखतोय. तिसऱ्या मजल्यावर म्हणाल्या, "डबा बिघडला असता तर रोज बिघडलेला असता. गाडी सोमवारीच का मरते?"

"शनिवार-रविवार उभी असते म्हणून. मधल्या दिवसांत तुम्ही चालवता, बॅटरी भरते."

"ते झालं. पण पांढऱ्या शर्टवाल्यांनी तोच डबा तपासून ठीक आहे म्हणून सांगितलंय. आणि वायरवाला म्हणतो बिघडलाय. दोघांतलं कोणीतरी चुकतंय, नाहीतर दोघंही बरोबर आहेत."

"दोघंही बरोबर कसे?"

"तेच कळत नाहीये ना!" म्हणाल्या आणि पुढचा जिना चढल्या.

शनिवारी सकाळी मला त्यांच्याकडे चहाला बोलावलं होतं. चहा उकळत ठेवला आणि आठवलं, साखरेची पिशवी कालपासून गाडीच्या डिकीतच राहिली आहे. "आणते," म्हणून गेल्या. पिशवी घेऊन वर आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली आणि एकदम थांबल्या. पर्स दाराच्या खुंटीला होती. किल्ली टेबलावर होती, वर्तमानपत्राच्या बाजूला, माझ्या समोरच. मी तर ती तिथे बघतच बसले होते.

"धाकटे," वन्सं म्हणाल्या, "मी किल्ली न घेताच गेले होते."

मला त्यांचा चेहरा बघवेना. म्हटलं, "होतं हो. माझंही होतं."

"तसं नाही गं! विसरले ते सोड. किल्ली इथे, मग डिकी उघडली कशी?"

चहा उतू गेला. कोणी बघितलंही नाही. वन्संनी गॅस बंद केला आणि आम्ही दोघी घरातल्या चपलांवरच खाली धावलो. धावलो म्हणजे आमच्या मानाने. या वेळीही किल्ली मुद्दाम टेबलावरच सोडली. वन्संनी डिकीचं बटण दाबलं. टक् करून डिकी उघडली. त्यांनी बंद केली. पुन्हा दाबलं. पुन्हा उघडली.

"हिच्या पोटात किल्ली आहे," वन्सं म्हणाल्या.

मग आम्ही गाडी रिकामी केली. छत्र्या, शिट्टीवाल्यांची उशी, पाण्याच्या बाटल्या, सगळं पार्किंगमध्ये मांडलं. वन्संनी सीटांच्या फटींतून हात फिरवला. जन्मभर सीटा शिवलेला हात, त्याला डोळे लागत नाहीत. काही नाही. डिकीतला गालिचा उचलला. खाली जादा चाक, चाकाच्या खोबणीत हत्यारांची पिशवी. पिशवीत जॅक, पाना आणि एक मोजा. पुरुषाचा, राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा. मोज्याच्या टोकाला गाठ. गाठ सोडली, तर आत किल्ली. दुसरी किल्ली.

वन्सं मटकन डिकीच्या कडेवर बसल्या. "हे दादांचं काम," म्हणाल्या.

माझ्या अंगावर काटा आला. दादांना जाऊन वर्षं झाली, त्यांनी ही गाडी बघितलीही नाही. ते कसे येतील मोजा ठेवायला?

"अगं, तसं नाही. दादांची पद्धत. व्हॅनची दुसरी किल्ली ते मोज्यात बांधून चाकापाशी ठेवायचे. खडखडू नये म्हणून मोजा. मी गाद्या पोचवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मला दाखवली होती. म्हणाले, हरवलीस तर रडत बसू नकोस, हिच्याच पोटात दुसरी आहे. पोरगं तेव्हा व्हॅनच्या मागे बसलेलं असायचं. त्यानं बघितलं असणार."

आणि मोजा तर मी ओळखला. भाच्याच्या वाढदिवसाला मीच दिलेल्या जोडीतला होता. दुसरी किल्ली कुठे आहे असं वन्संनी गाडी आली तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "त्याची काळजी करू नकोस, नीट ठेवली आहे." आई किल्ली विसरेल, कुठे अडकेल, या काळजीने त्याने ती बापासारखी गाडीतच ठेवली. जुन्या व्हॅनला ते चालत होतं. ती बिचारी बहिरी होती. ही नवी गाडी कान देऊन बसलेली. पोटातली किल्ली रात्रंदिवस हळू आवाजात म्हणतेय "मी आहे, मी आहे" आणि ही म्हणतेय "कोण आहे, कोण आहे?" अशाने झोप कोणाला लागेल? कंपनीत गाडी दिवसभर चालती-फिरती ठेवत, तिथे बॅटरी मरायचा प्रश्नच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता फोन लावा त्याला! चांगली खरडपट्टी काढा."

"नाही," मोजा किल्लीसकट वर घेऊन जात वन्सं म्हणाल्या. "आधी सिद्ध होऊ दे. मोजा सापडला म्हणून बॅटरी मरायची थांबली, असं कुठे आहे? कारण सापडलं असं मला दोनदा वाटून झालंय."

रविवारी भाचा आला. सोबत मोठी पिशवी, गाडीतलं सामान भरून न्यायला. वन्संनी त्याला जेवायला वाढलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "गाडी बुधवारपर्यंत इथे उभी राहील. कोणी हात लावायचा नाही. बुधवारी सकाळी तू स्वतः ये आणि बटण दाब. नाही चालू झाली तर घेऊन जा, मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"आणि उद्याचं डायलिसिस?"

"तू आहेस ना? तूच म्हणालास."

सोमवारी त्याने रजा काढून स्वतःच्या गाडीतून शिट्टीवाल्यांना नेलं. मी सोबत होते. तो गाडी चांगली चालवतो, पण घाईत. शिट्टीवाले सारखे "फाऊल, फाऊल" करत होते. दवाखान्याच्या दारात त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, "काका, उतरा." शिट्टीवाले बसूनच राहिले. म्हणाले, "ड्रायव्हरबाई हात देतात." भाचा उतरला, वळसा घालून आला, हात दिला, आतपर्यंत नेलं, खुर्ची मिळेपर्यंत उभा राहिला. परत येऊन पट्टा लावता लावता त्याने विचारलं, "मामी, आई हे आठवड्यातून तीनदा करते?" मी म्हटलं, "हो. आणि वर भांडतेही."

बुधवारी सकाळी आम्ही सगळे पार्किंगमध्ये. शिट्टीवाले जिन्याच्या पायरीवर, गळ्यात खरोखरची शिट्टी घालून. भाच्याने किल्ली घेतली. दार एका स्पर्शात उघडलं. आत बसून बटण दाबलं. काही आवाज नाही. मी डोळे मिटले.

"चालू आहे," भाचा म्हणाला.

शिट्टीवाल्यांनी शिट्टी फुंकली, पण त्यांच्यात तेवढा दम नव्हता, फुस्स झालं. सगळे हसले. भाचा म्हणाला, "आई, केलंस काय? डबा बदललास?"

वन्संनी पर्समधून मोजा काढून त्याच्या हातात दिला. त्याने गाठ चाचपली, आणि त्याचा चेहरा लहानपणी बरणी फोडल्यावर व्हायचा तसा झाला. "हा... मी तर तुझ्यासाठीच ठेवली होती गं. तू कुठे अडकू नयेस म्हणून."

"माहीत आहे रे. बापावर गेलायस, दुसरं काय?" वन्सं म्हणाल्या. "मोज्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण मी विसरते असं तू ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना आता हे सांग. आधी यांच्या मुलीला."

"आई, मी संध्याकाळी..."

"आत्ता. आम्ही थांबतो."

त्याने तिथेच, गाडीला टेकून फोन लावला. काय बोलला ते मी ऐकलं, पण लिहीत नाही. मुलगा आईसमोर असं बोलतो तेव्हा ते घरातच राहावं. फोन ठेवल्यावर वन्संनी त्याच्या डोक्यावर टप्पल मारली आणि शिट्टीवाल्यांना हात दिला. "चला पंच, उशीर झाला तर माझ्यावर कार्ड काढाल."

वन्सं विसरत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. विसरायच्या. पुढे तर जास्तच. माझं नाव घेताना कधी कधी त्यांच्या धाकट्या बहिणीचं घ्यायच्या. पण आता भाचा लगेच मान हलवत नसे. काही झालं की आधी विचारायचा, "आई, तुला काय वाटतं, काय झालं असेल?" आणि दर वर्षी डोळे तपासायला, गाडी चालवायची परीक्षा परत द्यायला तोच घेऊन जायचा. दोघं तिथल्या बाकावर शेजारी शेजारी बसायचे. गाडी त्यांच्याकडेच राहिली, शेवटपर्यंत.

गेल्या हिवाळ्यात वन्सं गेल्या, झोपेत. त्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता.

सकाळी शिट्टीवाल्यांना नेलं. ते आत होते तोवर चाकांत हवा भरून आल्या, माझी दुरुस्तीला दिलेली चप्पल चांभाराकडून घेतली आणि टाके ओढून बघितले. एक सैल होता, तो समोर उभं राहून पुन्हा घालून घेतला. दुपारी शिट्टीवाल्यांना घेऊन परत आल्या. येताना चौकातल्या सिग्नलवरून दोघांचं वाजलं होतं, जिन्यातही वाजतच होतं. त्यांच्या मुलीच्या हातात त्यांची पिशवी दिली, हातावर सुईच्या जागी दाबून चिकटवलेला कापूस संध्याकाळपर्यंत काढू देऊ नकोस म्हणून सांगितलं आणि म्हणाल्या, "सोमवारी नेहमीच्या वेळेला." शिट्टीवाले आतून ओरडले, "वेळेला म्हणजे वेळेला!" वन्सं परत खाली गेल्या, कारण गाडी दारातच उभी होती. त्यांच्या जागेत कोणीतरी धुण्याची बादली ठेवली होती. त्या उतरल्या, बादली उचलून भिंतीशी ठेवली, पुन्हा गाडीत बसल्या आणि दोन्ही आरशांत बघत गाडी मागे घेऊन जागेवर लावली.